सातव्या महिन्यात बीपी चढतंय, तर रक्ताचे कोणते रिपोर्ट खरंच कामाचे?

प्रश्न विक्रोळीच्या एका गृहस्थांचा आहे. पत्नी ३१ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, २९वा आठवडा चालू. बाराव्या आठवड्यातल्या डबल मार्करमध्ये, म्हणजे डाउन सिंड्रोमचा धोका पाहणाऱ्या रक्ततपासणीत, वारेतून येणारा पॅप-ए ०.३६ एमओएम (त्या आठवड्यातल्या मधल्या पातळीच्या किती पट) आला होता. डाउन सिंड्रोमचा धोका कमी निघाल्यामुळे तो कागद फाइलमध्ये गेला तो गेलाच. गेल्या तपासणीला बीपी १३८/८८ होतं, दोन दिवसांनी १४२/९०. लघवीत प्रोटीन ‘ट्रेस’, युरिक ॲसिड ५.८, क्रिएटिनिन ०.८, प्लेटलेट २.१ लाख. प्रीएक्लॅम्पसियाची शंका म्हणून डॉक्टरांनी एसफ्लिट-पीएलजीएफ रेशो, म्हणजे वारेतून रक्तात येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर, सांगितलाय. हे गृहस्थ विचारतात, एवढी महागडी तपासणी खरंच लागते का? त्यापेक्षा सगळी हार्मोन्स एकदमच तपासून घेतली तर? घरात मीठ बंद केलंय, ते बरोबर आहे ना? आणि पुढच्या आठवड्यात पत्नीला चिपळूणला माहेरी जायचंय.

आधी थेट उत्तर देते. रेशो करून घ्या, तोही याच आठवड्यात. हार्मोन प्रोफाइलवर पैसे घालवू नका. मीठ नेहमीसारखं सुरू करा. चिपळूणचं जाणं रिपोर्ट हातात येऊन डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत थांबवा. मी पत्नीला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण त्यांनी सांगितलेली तपासणी योग्य वेळी सांगितली आहे, एवढं खात्रीने म्हणते.

आता कारणं. प्रीएक्लॅम्पसियाला आपण ‘गरोदरपणातलं बीपी’ म्हणतो, पण दुखणं सुरू होतं वारेपासून. दिवस गेल्यावर पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या भिंतींतला स्नायूचा थर काढून त्या रुंद करतात. म्हणजे पुढे बाळ वाढलं तरी रक्त कमी पडत नाही. काही जणींत हे काम अर्धवट राहतं. वाहिन्या अरुंदच राहतात, वारेला ताण येतो आणि ती ताणलेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडायला लागते. त्यातला सर्वांत महत्त्वाचा एसफ्लिट-१.

रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी राहायला दोन वाढघटक लागतात, व्हीईजीएफ आणि वारेतून येणारा पीएलजीएफ. ते पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटले की काम होतं. एसफ्लिट-१ हा त्याच रिसेप्टरचा सुटा तुकडा. पेशीत रुतलेला नसून तो रक्तात मोकळा फिरतो आणि हे घटक वाटेतच पकडतो. अस्तराला पोसणारं काही पोहोचत नाही. मग वाहिन्या आकसतात, बीपी चढतं. मूत्रपिंडाच्या गाळणीचं अस्तर सुजतं, लघवीतून प्रोटीन गळतं. यकृतावर परिणाम झाला तर एन्झाइम्स वाढतात, मेंदूवर झाला तर डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, झटके येतात.

हे नुसतं तर्काने जुळवलेलं नाही. २००३ मध्ये अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची यांच्या गटाने गाभण उंदरांमध्ये एसफ्लिट-१ वाढवून दाखवलं. उंदरांचं बीपी चढलं, लघवीत प्रोटीन आलं आणि मूत्रपिंडात तेच बदल दिसले, जे आजारी गरोदर बाईच्या मूत्रपिंडात दिसतात. कॅन्सरमध्ये व्हीईजीएफ अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या रुग्णांचंही बीपी वाढतं आणि लघवीत प्रोटीन येतं. मला स्वतःला हा पुरावा फार बोलका वाटतो. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, हेही समोर आलं की लक्षणं दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून एसफ्लिट-१ चढायला लागतं, आणि पीएलजीएफ तर त्याच्याही आधीपासून कमी असतं. तुमच्या पत्नीच्या तपासणीचा सगळा अर्थ या मधल्या आठवड्यांत आहे.

आज तुमचे आकडे कुंपणावर आहेत. निदानासाठी २० आठवड्यांनंतर किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी लागतं. सोबत लघवीत प्रोटीन, नाहीतर प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं किंवा मेंदू यांपैकी कशावर तरी परिणाम झाल्याची खूण. तुमच्याकडे १४० च्या वरचं रीडिंग एकच आहे. ‘ट्रेस’ला फारसा अर्थ नाही, सकाळची घट्ट लघवी असली तरी पट्टीवर ट्रेस येतं. त्याऐवजी लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा. ०.३ किंवा त्याहून जास्त आलं तर ते खरं. ही तपासणी स्वस्त आहे, २४ तास लघवी साठवायची कटकट नाही आणि सगळीकडे होते.

रेशोचा उपयोग अशाच वेळी असतो, जेव्हा शंका आहे पण निदान नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या बहुराष्ट्रीय अभ्यासात ३८ हा आकडा ठरला. रेशो ३८ किंवा कमी असेल तर पुढच्या एका आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही, असं ९९.३ टक्के खात्रीने म्हणता आलं. पण उलट बाजू तेवढी पक्की नाही. ३८ च्या वर रेशो असलेल्यांपैकी पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला तो ३६.७ टक्के जणींना, म्हणजे तिघींतल्या साधारण एकीला. म्हणून ३८ च्या खालचा रिपोर्ट निर्धास्त झोप देतो, पण एका आठवड्यापुरतीच. वरचा रिपोर्ट म्हणजे शिक्षा नव्हे, लक्ष वाढवा एवढाच त्याचा अर्थ. ३४ आठवड्यांच्या आत ८५ च्या वर आणि त्यानंतर ११० च्या वर गेला तर मात्र आजार जवळपास नक्की धरतात. मधल्या पट्ट्यात असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करायचा.

३८, ८५, ११० हे आकडे एका ठरावीक कंपनीच्या किटचे आहेत, हे लक्षात ठेवा. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मान्यता दिलेली तपासणी वेगळ्या यंत्रावर होते आणि तिथली सीमारेषा ४० आहे. काही ठिकाणी नुसतं पीएलजीएफ करतात, त्यात १०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की काळजी आणि १२ च्या खाली म्हणजे फारच कमी. तेव्हा पहिला रिपोर्ट एका लॅबचा आणि दुसरा भलत्याच लॅबचा, असं करून तुलना करू नका. लॅबला आधीच विचारा, नमुना इथेच लावणार की मुख्य प्रयोगशाळेत पाठवणार, आणि रिपोर्ट कधी मिळणार. तीन दिवसांनी येणारा रेशो एका आठवड्याच्या खात्रीतले तीन दिवस खाऊन टाकतो.

रेशो कितीही आला तरी नुसत्या त्या आकड्यावर बाळंतपण उरकत नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही आपल्या मार्गदर्शनात हेच सांगितलंय. आईचं बीपी, तिची लक्षणं, बाळाची वाढ आणि डॉपलर (सोनोग्राफीत पाहिलेला रक्तप्रवाह) पाहून बाळंतपणाची वेळ ठरते. उलटही तितकंच खरं. बीपी १६०/११० झालंय, डोकं फुटतंय, अशा वेळी रेशोची वाट पाहायची नसते. ती तातडीची अवस्था आहे, अर्ध्या ते एका तासात औषध सुरू व्हायला हवं. निदान पक्कं झालेल्या बाईला केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून रेशो लावणं मला पटत नाही. ते पैसे तिच्या घरच्यांना एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) बिलाला कामी येतील.

आता साध्या तपासण्या. इथे मला जरा थांबायचंय, कारण महागड्या रेशोच्या चर्चेत या नीट वाचल्याच जात नाहीत.

क्रिएटिनिन घ्या. तुमच्या रिपोर्टात ०.८ समोर ‘नॉर्मल’ छापलंय, कारण लॅबची मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची असते. गरोदरपणात मूत्रपिंडं जास्त रक्त गाळतात, म्हणून क्रिएटिनिन उतरतं. ०.४ ते ०.८ हा त्या काळातला नेहमीचा पट्टा. ०.८ म्हणजे पट्ट्याच्या वरच्या टोकाला. १.१ च्या वर गेलं की आजार गंभीर गटात जातो, पण ०.५ चं ०.९ झालं तरी मी कान टवकारते, कागदावर लाल खूण नसली तरी. म्हणून पहिल्या तिमाहीतला जुना रिपोर्ट शोधून काढा आणि आजच्या शेजारी ठेवा.

युरिक ॲसिडचंही असंच. गरोदरपणाच्या सुरुवातीला ते खाली जातं, शेवटाकडे पुन्हा वर येतं. २९व्या आठवड्याला ५.८ हे जास्तच. मूत्रपिंडातून ते कमी बाहेर पडतंय, असा त्याचा अर्थ. पण युरिक ॲसिडवरून आजार कधी आणि किती बळावेल ते सांगता येत नाही. नुसत्या ५.८ वर कुणी निदान करू नये आणि ते उतरवायला गोळ्याही देऊ नयेत.

प्लेटलेट १ लाखाच्या खाली, एएसटी-एएलटी ही यकृताची एन्झाइम्स नेहमीच्या दुप्पट, पेशी फुटल्या की वाढणारा एलडीएच ६०० च्या वर, हे त्रिकूट दिसलं की हेल्प सिंड्रोम. हे नाव १९८२ मध्ये लुई वाइनस्टाइन यांनी दिलं. यात लाल पेशी फुटतात, यकृताला इजा होते, प्लेटलेट घसरतात. बीपी फार नसतानाही हे होऊ शकतं. पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतं आणि घरोघरी ‘ॲसिडिटी आहे’ म्हणून गुलाबी सायरप पाजलं जातं. तुमच्या पत्नीला असं दुखलं तर सायरप देऊन रात्र काढू नका. आत्ता प्लेटलेट २.१ लाख आहेत, चांगले आहेत. पुढच्या वेळी १.६ आले तर तेही छापील मर्यादेत बसतील, पण घसरण झालेली असेल.

मुंबईत याला जोडून एक खास अडचण येते. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा सकाळी सात वाजता विक्रोळीत नळी भरतो, मग आणखी पाच घरं करून, पिशवी खांद्याला लावून, गर्दीच्या लोकलने दुपारी नमुने पोहोचवतो. वाटेत लाल पेशी फुटतात. एलडीएच वाढलेला येतो, एएसटीही थोडा चढतो आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. अशा वेळी रिपोर्टखाली ‘नमुना हिमोलाइज्ड’ अशी टीप आहे का बघा. प्लेटलेटचंही तसंच, जांभळ्या बुचाच्या नळीत त्या कधीकधी एकमेकींना चिकटतात आणि यंत्र कमी मोजतं. स्लाइड पाहून खात्री करून घ्यायची. बीपीची शंका असेल तर रक्त घरी देण्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन द्या. केईएम, सायन, नायर किंवा वाडियासारख्या ठिकाणी नाव असेल तर तिथेच द्या. फेरी वाचवायच्या नादात खोटा आकडा पदरात घेऊ नका.

हार्मोनकडे येते. हा विषय मलाही आवडतो, म्हणून नुसतं ‘गरज नाही’ म्हणून सोडत नाही. वार हीच मुळात मोठी हार्मोन-ग्रंथी आहे, तेव्हा ती बिघडली की हार्मोन्सचं गणित बदलणारच. प्रीएक्लॅम्पसियात इनहिबिन-ए आणि ॲक्टिव्हिन-ए वाढतात. दुसऱ्या तिमाहीत एचसीजी हे वारेचं हार्मोन जास्त असलेल्या काही जणींना पुढे हा आजार होतो. लेप्टिन वाढतं, वारेतून येणारं सीआरएच हे ताणाशी संबंधित हार्मोन वाढतं, इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो. अनेक अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन जास्त सापडलंय. पण आजारी आणि निरोगी बायकांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका बाईचा रिपोर्ट पाहून काहीही ठरवता येत नाही. शंभर जणींच्या सरासरीत दिसणारा फरक तुमच्या पत्नीच्या उपचाराला उपयोगी पडेलच असं नाही. टीएसएच आधी झालं नसेल तर एकदा करा, तेही थायरॉइडसाठी. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉलची पॅनेल मात्र नको.

एका हार्मोन-साखळीचा तुमच्या स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे. निरोगी गरोदरपणात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन भरपूर वाढतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं. तरी बीपी चढत नाही, कारण वाहिन्या त्यांना आकसवणाऱ्या अँजिओटेन्सिनला दाद देत नाहीत. प्रीएक्लॅम्पसियात हे उलटं होतं. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन अपेक्षेपेक्षा कमी असतात, पण वाहिन्या अँजिओटेन्सिनला फार जोरात प्रतिसाद देतात. अंगावर सूज दिसते, पण वाहिन्यांमधलं रक्त कमीच झालेलं असतं. अशा बाईचं मीठ तोडलं किंवा सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या दिल्या, तर आधीच उपाशी असलेल्या वारेचं रक्त आणखी कमी होऊ शकतं. लोणचं-पापडाचा मारा नको, हे ठीक. पण अळणी भाकरी आणि अळणी वरण खाऊन हा आजार टळत नाही. सासूबाईंनी मीठ काळजीपोटीच बंद केलं असणार, त्यांना हे शांतपणे समजावून सांगा. दिवसभर झोपवून ठेवण्याचाही फायदा सिद्ध झालेला नाही, उलट पायात गुठळी होण्याची भीती वाढते.

कॅल्शियमची गोळी चालू ठेवा. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या अशी देतात, आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्यांत ती हा धोका कमी करते.

राहिला तो पॅप-ए. हे वारेत तयार होणारं एन्झाइम वाढघटकांना त्यांच्या बांधणीतून मोकळं करतं, ते कमी म्हणजे वार सुरुवातीपासून जरा कमजोर असण्याची शक्यता. ०.३६ एमओएम म्हणजे त्या आठवड्यातल्या मधल्या पातळीच्या जेमतेम एक तृतीयांश. पॅप-ए कमी असूनही बहुतेक बायकांचं सगळं सुरळीत पार पडतं, पण आईचा इतिहास, बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचं डॉपलर आणि पीएलजीएफ यांच्या जोडीने तो बाराव्या आठवड्यात मोलाचा ठरतो. कारण त्या वेळी करण्यासारखं काहीतरी हातात असतं. २०१७ च्या ॲस्प्रे अभ्यासात, अशा एकत्रित चाचणीत जोखमीच्या ठरलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू केलं तर त्याचा खरा लाभ. आज २९व्या आठवड्यात नव्याने सुरू करून फार काही मिळणार नाही, आणि मनाने तर मुळीच सुरू करू नका. डबल मार्करचा कागद नुसता डाउन सिंड्रोमची ओळ वाचून मिटायचा, ही सवय आपल्याकडे सुटायला हवी असं मला कळकळीने वाटतं. दुसऱ्या ओळीत वारेबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं.

तर या आठवड्यात करायचं काय? रेशो, लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन, प्लेटलेट, यकृताची एन्झाइम्स आणि डॉपलरसकट बाळाची सोनोग्राफी. पॅप-ए कमी असलेल्यांत बाळाची वाढ खुंटण्याचा धोकाही असतो, म्हणून सोनोग्राफी चुकवू नका. घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं. काही स्वयंचलित यंत्रं या आजारात बीपी कमी दाखवतात, म्हणून आपलं यंत्र एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहा.

रेशो ३८ च्या खाली आला, बीपी स्थिर राहिलं, बाळाची वाढ ठीक असली, तर चिपळूणचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येईल. पण रेशोची खात्री आठवड्याभराची असते आणि माहेरचा मुक्काम महिन्यांचा, हे विसरू नका. जिथे बाळंतपण होणार तिथे रात्री दोन वाजता सिझेरियन होतं का, रक्त मिळतं का, ३२ आठवड्यांचं बाळ सांभाळणारा एनआयसीयू आहे का, हे आधी विचारा. झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेट तिथे आहे ना, हेही. २००२ च्या मॅग्पाय अभ्यासात या स्वस्त इंजेक्शनने झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त कमी झाला होता. या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली नाहीत, तर डोहाळेजेवण विक्रोळीतच करा आणि आईंना इकडे बोलवा. गेलातच, तर फाइल सोबत हवी, पॅप-एच्या कागदासकट. मोबाइलमध्ये प्रत्येक पानाचा फोटोही असू द्या.

डोकेदुखी गोळीने थांबत नाही, नजर धूसर होते, बरगड्यांखाली दुखतं, धाप लागते, बाळाची हालचाल मंदावते, बीपी १६०/११० ला पोहोचतं, यांपैकी एक जरी झालं तरी फोनवर विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

बाळंतपणानंतरचं सांगायचं राहू नये. वार बाहेर पडली की एसफ्लिट-१ उतरायला लागतं आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण बीपी पुष्कळदा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर जातं, नेमकं डिस्चार्ज मिळून घरी आल्यावर. झटके तेव्हाही येऊ शकतात. निदान पहिला आठवडा बीपी मोजत राहा. प्रीएक्लॅम्पसिया झालाच, तर बारा आठवड्यांनी बीपी आणि लघवी पुन्हा तपासा आणि पुढे दरवर्षी बीपी पाहत जा, कारण अशा बायकांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. पुढच्या वेळी दिवस गेले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा सगळा इतिहास सांगा, म्हणजे ॲस्पिरिनचा निर्णय बाराव्या आठवड्यातच होईल.